साप एक, उंदीर किती?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परदेशी साप पाळायचं फॅड पुण्या-मुंबईत वाढतंय, त्याच्या बातम्या अधूनमधून येतात, पण तो साप खातो काय आणि ते येतं कुठून याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या भाच्याकडे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, आहे (रीतसर नोंदवलेला, उगाच शंका नको. आपला नाग, धामण, अजगर घरात ठेवणं हा सरळ गुन्हाच आहे) आणि आता त्याच्या डोक्यात शिरलंय की त्याला खायला घालायला दुकानातला पांढरा उंदीर परवडत नाही तर बाल्कनीत टब ठेवून घरीच पैदास करू. त्याच्या ओळखीतले काहीजण करतातच म्हणे.

आता जरा हिशोब बघा. मोठा झालेला बॉल पायथन आठवड्याला, कधी दोन आठवड्यांनी एक उंदीर खातो. इकडे उंदराची मादी गाभण राहिल्यावर साधारण 22 दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा-बारा पिल्लं, आणि व्यायल्यावर एका दिवसाच्या आत परत गाभण राहू शकते, नर टबातच असेल तर राहतेच. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की ती पण वयात येतात, तेव्हा नर-मादी वेगळे केले नाहीत तर भाऊ-बहीण काही बघत नाहीत. म्हणजे एकच जोडी ठेवली तरी एका सापाला पुरून उरेल आणि उरेल म्हणजे चांगलंच उरेल. त्यात बॉल पायथनची खोड अशी की मूड गेला तर महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त तोंडच लावत नाही, तब्येत ठणठणीत असते पण खात नाही. उंदीर मात्र तोवर थांबत नाहीत ना!

मग जास्तीचे जातात कुठे? काही मित्रांना दिले, काही विकले, आणि अगदीच डोक्याला ताप झाला की रात्री सोसायटीच्या मागच्या नाल्यात. यातली गंमत अशी की हा पांढरा गोंडस उंदीर म्हणजे वेगळी जात नाही, गटारातल्या तपकिरी उंदराचाच पाळीव वंश आहे, दोघांची एकमेकांत पैदास आरामात होते. मुंबई महापालिका रात्रपाळीला टॉर्च आणि काठी देऊन उंदीर मारायला माणसं पाठवते आणि आपण वरून भर घालायची, वा.

वासाबद्दल तर बोलायलाच नको. तूस, भुसा काहीही पसरा, दोन दिवस साफ नाही केलं की लघवीचा अमोनिया डोळ्याला झोंबतो, आणि त्यानेच उंदरांची छातीही बिघडते, शिंकत बसतात बिचारे. शेजारी तक्रार करणारच आणि त्यात त्यांचं काहीच चूक नाही. आजाराचं म्हणाल तर लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) आपल्याला दर पावसाळ्यात माहीत आहेच, पण अमेरिकेत 2016-17 ला काय झालं ते बघा, विस्कॉन्सिनमधला घरीच उंदरांची पैदास करणारा एकजण तापाने हॉस्पिटलात गेला, त्याला सेऊल व्हायरस (उंदरांकडून माणसाला होणारा) निघाला, आणि शोध घेत गेले तर 11 राज्यांत उंदीर पाळणाऱ्यांकडे तो पोचलेला. उंदीर आजारी दिसतही नव्हते!

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, मारायचा कोणी? हातात वाढवलेलं जनावर दर आठवड्याला मारायचं हे बोलायला सोपं आहे, प्रत्यक्षात कोणाच्याने होत नाही, मग जिवंतच सोडतात पेटीत. सापाला भूक नसेल तर तोच उंदीर रात्रभर सापाला कुरतडतो, पाठीवर हाडापर्यंत जखमा झालेले साप डॉक्टरांकडे येतात. वर त्याचे रील काढायचे. प्राण्यांच्या छळाचा 1960 चा कायदा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये निव्वळ करमणुकीसाठी एखादं जनावर कोंडून दुसऱ्याची शिकार बनवणं हा गुन्हा लिहिलेला आहे. लाइक्स ही करमणूक नाही तर काय आहे?

इंग्लंडमध्ये बहुतेक लोक मारून गोठवलेले उंदीरच आणतात, कोमट-गरम पाण्यात वितळवून चिमट्याने देतात. तेही एकदम निर्धोक नाही, गोठवून साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) मरत नाही, त्यामुळे फ्रिज आणि भांडी वेगळी हवीत, आमच्या ताईने घरच्या फ्रिजला आधीच ठाम नकार दिलाय. पण बाल्कनीतल्या कारखान्यापेक्षा ते शंभरपट बरं. दहा-वीस साप असणाऱ्याने व्यवस्थित जागा घेऊन, जनावरांच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली पैदास केली तर माझी हरकत नाही, एक-दोन सापवाल्यांनी मिळून त्याच्याकडून घ्यावं.

सरकारकडे मागणी एवढीच. 2024 च्या नियमांप्रमाणे अशा सापांची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जन्म, मृत्यू, मालक बदलला तर तेही कळवायचं. तिथेच खाद्य कुठून आणणार याचा एक रकाना टाका, आणि महापालिकेने सापांच्या खाण्यासाठी उंदीर विकणाऱ्यांना लायसन्स द्यावं, तपासणी करावी. साप वीस-तीस वर्षं जगतो, भाचा सध्या कॉलेजात आहे, हे पण त्याला सांगून झालंय.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे