सूचना : पावसाळा संपला, आता उन्हात या

सर्व बॅडमिंटन खेळाडू व पालकांसाठी,

चार महिने आभाळ भरलेलं होतं आणि आपला सगळा सराव हॉलमध्येच झाला. मजबूत हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व उन्हामुळे त्वचेत तयार होतं. त्यासाठी लागणारे यूव्ही-बी (उन्हातले अतिनील) किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी असतात, बंद काचेतून तर जवळपास येतच नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी ११ ते २ च्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात थांबा. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, पण चटका बसेपर्यंत नको.

नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर खेळ थांबवा आणि प्रशिक्षकांना लगेच सांगा. हाडाला बारीक तडा असू शकतो. लपवू नका, कृपया.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मनानेच सुरू करू नका. अति झाल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आधी रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढंच.