विषय: फ्रान्समधल्या सेंट पॉल द व्हॉन्स येथील संग्रहालयाची भेट परस्पर रद्द केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी बोलून आत्ताच फोन ठेवला. यापुढे मी फोन करणार नाही, मला लेखी उत्तर हवं आहे.

ग्रास या गावाच्या दिवसाचा कार्यक्रम तुम्हीच छापला आहे. सकाळी अत्तराचा कारखाना, दुपारी सेंट पॉल गाव आणि प्रवेश शुल्कासह फाँदासियाँ माग हे कलासंग्रहालय. त्या शेवटच्या ओळीसाठी मी ही टूर घेतली. बुकिंग करताना शाखेत तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि "काकू, ते नक्की आहे" असं उत्तर मिळालं होतं.

प्रत्यक्षात कारखान्याच्या विक्री दालनात शेवटचं बिल होईपर्यंत बस थांबवून ठेवली. सेंट पॉलला उतरल्यावर टूर मॅनेजर म्हणाले, ड्रायव्हरचे तास संपत आलेत, म्युझियम होणार नाही, गावात फिरा, आइस्क्रीम खा. तिकडे ड्रायव्हरच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, हे मला मान्य आहे. पण ते तास अत्तराच्या दुकानात कुणी घालवले? संग्रहालय गावापासून चालत जाण्याइतकं जवळ, एका चढावर. मी एकटी जाऊन येते म्हटलं, तर "ग्रुप सोडता येणार नाही."

मग तटबंदीच्या टोकाला असलेल्या दफनभूमीत जाऊन चित्रकार मार्क शागालची कबर तेवढी पाहिली. साधी दगडी शिळा आणि तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेले खडे. त्याच शागालचं मोझेक वर टेकडीवर होतं आणि मला तिथे जाऊ दिलं गेलं नाही.

आता कस्टमर केअरमधल्या मुलीशी झालेला आजचा फोन.

"काकू, सेंट पॉल तर झालं ना तुमचं?"

"गाव झालं, संग्रहालय नाही."

"पण त्यात तसं काही विशेष नाहीये काकू, मॉडर्न आर्ट आहे. बाकी कुणाची कम्प्लेंट नाही. तुम्ही गूगलवर फोटो बघा ना, एकदम क्लिअर असतात."

मी गप्पच झाले. तिने मला होल्डवर टाकलं आणि परत येऊन म्हणाली, "सीनियरशी बोलले. तुम्हाला परफ्यूमचा गिफ्ट हॅम्पर पाठवतोय."

अत्तराच्या दुकानापायी जे बुडालं, त्याची भरपाई अत्तराने?

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. शिल्पकार जाकोमेत्तीच्या उंच, काटकुळ्या माणसांच्या आकृत्या फळ्यावर काढून मुलांना दाखवल्या. त्या आकृत्या तिथे उघड्या अंगणात उभ्या आहेत, आपण त्यांच्यामधून चालू शकतो. हे फोटोत कसं मिळणार? हे संग्रहालय उभारणारे एमे आणि मार्गरीत माग यांचा लहान मुलगा बर्नार १९५३ साली ल्युकेमियाने गेला. त्या दुःखात चित्रकार मित्रांनी धीर दिला आणि त्यातून १९६४ साली ही वास्तू उभी राहिली. जोसेप लुईस सर्ट या वास्तुविशारदाने ती बांधली. चित्रकार मिरोने बागेत शिल्पांचा चक्रव्यूह रचला, चित्रकार ब्राकने हौदाच्या तळाशी मासे केले आणि मुलाच्या नावाच्या छोट्या चॅपेलला रंगीत काचेची खिडकी दिली. उद्घाटनाच्या आदल्या वर्षी ब्राक गेला. ही कामं त्या जागेसाठीच केलेली आहेत, दुसऱ्या कुठल्या शहरातल्या प्रदर्शनात ती तशी भेटणार नाहीत. हे "विशेष नाही" असं तुमच्या कंपनीला वाटत असेल, तर ते कार्यक्रमात छापून लोकांकडून पैसे का घेता?

बाकीच्यांनी तक्रार केली नाही, हे मला पुन्हा पुन्हा ऐकवू नका. पैसे मी भरलेत, प्रवेश शुल्कासह भरलेत, आणि तुम्ही मला दारापर्यंतही नेलं नाही.

माझ्या मागण्या अशा: प्रवेश शुल्क आणि त्या दिवसाच्या खर्चाचा योग्य भाग परत करावा, पुढच्या टूरचं व्हाउचर चालणार नाही. भेट कुणी आणि कशासाठी रद्द केली, ते लिहून कळवावं. "विशेष नाही" या शब्दांबद्दल लेखी माफी मागावी.

माझ्या शब्दावर माझ्या बहिणीने आणि शाळेतल्या मैत्रिणींनी तुमच्याकडे बुकिंग केलं होतं. त्या सगळ्यांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुमचा छापील कार्यक्रम आणि पैसे भरल्याची पावती माझ्याकडे आहे, दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

हॅम्पर पाठवू नका. आला तर न उघडता परत पाठवीन.

आपली ग्राहक
(बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)