फ्लुइड मेकॅनिक्सचं पाणी जर्नलमध्येच वाहतंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज येतं, खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) विसर्ग. आता हा आकडा काढतात कसा हे सेकंड इयर इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स (पाणी, हवा कशी वाहते याचा विषय) पास झालेल्या पोरांना विचारून बघा, बहुतेकजण एकमेकांकडे बघतील. गेट किती उघडलंय आणि मागे पाणी किती उंच आहे यावरून हिशोब होतो, म्हणजे आमच्या लॅबमधल्या ऑरिफिसचंच (टाकीला पाडलेलं मापाचं भोक) मोठं रूप. पण वर्गात हे कुणी बोलत नाही. बर्नुलीचं समीकरण (वाहत्या पाण्याचा दाब, वेग आणि उंची यांचा हिशोब) फळ्यावर येतं, डेरिव्हेशन होतं, "हे परीक्षेला हमखास आहे" म्हणून खाली दोन रेघा ओढतात आणि पुढचं चॅप्टर.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या वाहत्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवलं होतं की वेग कमी असला की ती दोऱ्यासारखी सरळ जाते आणि वाढवत नेला की एका ठिकाणी अचानक विस्कटते, ही खरंतर डोळ्याने बघायची गोष्ट आहे हो, पण आमच्या कॉलेजात रंगाची सुई कायमची चोकअप, त्यामुळे जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वहीत) आकृती काढा आणि सही घ्या. व्हेंचुरीमीटर (पाइपातून किती पाणी वाहतंय ते मोजणारं यंत्र) चालू होता तर त्याच्या मॅनोमीटरच्या, म्हणजे दाबातला फरक दाखवणाऱ्या, नळीत हवा अडकलेली, आमच्या बॅचचा कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज (खरं वाहिलेलं पाणी भागिले थिअरीने येणारं पाणी) चक्क १ च्या वर आला. म्हणजे थिअरीपेक्षा जास्त पाणी वाहतंय! खरा विषय तिथेच सुरू होतो ना, हवा कशी काढायची, ती अडकली की रीडिंग कमी का येतं. पण सर म्हणाले ०.९७ लिहा, सबमिशनची तारीख जवळ आलीये.

आणि हे सगळं कुठे, तर पुण्यात. १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था इथे खडकवासल्याला आहे, धरणांची, बंदरांची छोटी मॉडेल्स करून त्यात खरं पाणी सोडून बघतात. १:१०० च्या मॉडेलमध्ये पाण्याचा वेग दहापट कमी धरायचा हे फ्राउड नंबरचं (मॉडेल आणि खऱ्या प्रवाहाचा वेग जुळवणारा आकडा) गणित आम्ही परीक्षेत सोडवतो, ते मॉडेल मात्र आमच्या बॅचने कधी बघितलं नाही. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे शीतपेयाची फॅक्टरी नाहीतर थेट महाबळेश्वर (व्हिजिटचं सर्टिफिकेट वेगळं मिळतं).

कॉलेजांनी नवीन महागडी मशिन आणू नयेत, आहेत त्या चालू ठेवाव्यात, त्यासाठी एक लॅब असिस्टंट आणि थोडा दुरुस्तीचा खर्च पुरतो. आणि युनिव्हर्सिटीने चुकलेलं रीडिंग का चुकलं हे लिहिणाऱ्याला मार्क द्यावेत, सध्या सगळ्यांची रीडिंग सिनियरच्या जर्नलमधूनच वाहत येतात.

तुम्हालाही एक विनंती, क्युसेकच्या शेजारी लिटर पण छापत जा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार. नदीकाठच्या लोकांना निदान अंदाज तरी येईल.

आपला,
थर्ड इयर सिव्हिलचा एक विद्यार्थी, पुणे