कोंबडा वाचायला शिकवणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

कोंबडा अजून आमच्याकडेच आहे, हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचाराल. तब्येत उत्तम आहे, आवाजही तसाच, आणि खुराड्याचं दार उघडायला आता मी एकटी जाते. हे पत्र नुसतं तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय. अंगावर येणारा कोंबडा ज्यांच्या घरी असतो त्यांना दोनच सल्ले मिळतात : ‘एक लाथ घाला, सरळ होईल’, नाहीतर ‘कापून टाका’. मलाही तेवढेच मिळाले होते. याशिवायही काही करता येतं हे तुम्ही दाखवलंत, आणि ते इतरांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आलात तेव्हा घरात भीतीच बसली होती. सासूबाईंच्या पोटरीत त्याच्या पायामागचा काटा घुसला होता. वरून जखम एवढीशी दिसत होती, पण ती खोल होती. साबणपाण्याने नीट धुतली, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तरी ठणका बरेच दिवस राहिला. त्यानंतर त्या परसात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. लेक दारातूनच कोंबड्यांना हाका मारायची.

तुम्ही कोंबड्याला हातही लावला नाहीत. स्टूल मागून घेतलंत, कुंपणाबाहेर बसलात आणि मला म्हणालात, ‘रोजच्यासारखी आत जा.’ मी दाण्यांची बादली घेऊन आत गेले आणि तो धावून आला. तुम्ही लगेच बाहेर बोलावलंत. ‘अगं, तो तुझ्यावर येत नाहीये, बादलीवर येतोय.’ लाल बादली माझ्या हातात हिंदकळत होती, बरोबर त्याच्या डोक्याच्या उंचीवर. दुसऱ्यांदा बादली बाहेर ठेवून गेले. तो आला, पण अंतर ठेवून थांबला, मान वाकडी करून बघत राहिला आणि परत फिरला. तेवढ्यानेच सगळं मिटलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघायला लागले.

हल्ल्याआधी कोंबडा किती बोलतो, हे तुम्ही मला एकेक खूण दाखवून शिकवलंत. सरळ चालत येणारा कोंबडा बहुतेक वेळा दाण्यासाठी येतो. बाजूने, तिरका तिरका, एक डोळा आपल्यावर रोखून येणारा वेगळा. मधेच थांबून तो जमिनीवर चोच मारतो, तिथे दाणा नसला तरी. एक पंख खाली सोडून पायाशी घासत अर्धगोल फिरतो. कोंबडीपुढे हा नाच प्रणयाचा असतो, माणसापुढे केला तर ते आव्हान. मग मान खाली जाते, मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात, आणि त्यानंतर उडी. त्याआधीचं सगळं ज्याला दिसतं त्याला वागायला वेळ मिळतो, असं तुम्ही म्हणायचात.

आणि वागायचं कसं? जागीच उभं राहायचं. पळायचं नाही, पाठ दाखवून मागे सरकायचं नाही, लाथ तर मुळीच मारायची नाही. पळालं तर तो जिंकतो. लाथ मारली तर भांडण स्वीकारलं असा त्याचा समज होतो, आणि तो पुन्हा, जास्त जोराने येतो. पायात जाड बूट, हातात पातेल्याचं मोठं झाकण, ते फक्त मधे आडवं धरायचं. तो नजर काढून खायला किंवा पिसं साफ करायला लागला की मगच आपण आपल्या कामाला लागायचं. सुरुवातीला मला हे फार लांबण वाटायचं. काही लोक कोंबड्याला जमिनीवर दाबून धरायला सांगतात, ते तुम्हाला अजिबात पटत नव्हतं. मलाही आता पटत नाही. दाबून धरलेला प्राणी घाबरतो, आणि घाबरलेला कोंबडा पुढच्या वेळी लांबूनच धावून येतो.

तुम्ही सांगितलेली आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते. त्याच्या डोळ्यांदेखत कोंबडी पकडायची नाही. कोंबडी ओरडली की तो येणारच, ते त्याचं कामच आहे. आता एखादीला तपासायचं असेल तर अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसल्या की उचलते. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे त्या शांत असतात.

तोही तसाच शांत असतो, हे तुम्ही आलात त्याच रात्री दाखवलंत. दांडीवरून त्याला अलगद उचललंत, पंख अंगाशी धरून काखेत घेतलंत आणि विजेरी माझ्या हातात दिलीत. दुखणं असलं तरी प्राणी चिडका होतो, म्हणून आधी पंखांखाली, शेपटीखाली उवा-गोचीड बघितलेत, तळवे बघितलेत. मग काटे. बाहेरून नखासारखं कठीण आवरण, आत जिवंत हाड आणि रक्त. म्हणून ते कापायचे नाहीत, फक्त टोक कानशीने घासून बोथट करायचं. तुम्ही घासत होतात आणि तो तुमच्या काखेत डोळे अर्धे मिटून बसला होता. सासूबाई दारातून बघत होत्या. ‘एवढासा तर आहे,’ एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, त्यांची भीती तिथूनच ओसरायला लागली.

तेव्हा आमच्याकडे आणखी एक, धाकटा कोंबडाही होता. त्याचं दुखणं तुम्ही ताबडतोब ओळखलंत. कोंबड्यांच्या उघड्या पडलेल्या पाठींकडे बोट दाखवलंत. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमच्याकडे तेवढ्या कोंबड्या नसताना दोन कोंबडे होते, म्हणजे कोंबड्यांना दिवसभर पाठलाग, आणि त्या दोघांना दिवसभर एकमेकांची धास्ती. धाकट्याला तुम्ही तुमच्याकडच्या नुसत्या नरांच्या वाड्यात नेलंत. कोंबड्या नजरेसमोर नसल्या की बरेच नर एकत्र नांदतात, हे मला तेव्हाच कळलं. आमच्या कोंबड्यांच्या पाठीवर आता पुन्हा पिसं आलीत. त्यांच्या वतीनेही आभार मानते.

‘पहिली बांग थोरल्याची’ असं तुम्ही सहज बोलून गेला होतात. नंतर वाचलं, की जपानमध्ये त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. पहाटेची बांग उजेड बघून नव्हे तर शरीरातल्या घड्याळावर दिली जाते, हे त्यांनी 2013 मध्ये दाखवलं. कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून उतरत्या क्रमाने, हे 2015 मध्ये. असंच आणखी एक सापडलं. वयात येताना अंगातलं रसायन बदलतं म्हणून तो असा वागतो, असं तुम्ही म्हणाला होतात. जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञांनी 1849 मध्ये खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण परत बसवून बघितलं. त्यांचे तुरे वाढले, ते आरवले आणि भांडलेही. ज्यांच्यात काहीच परत बसवलं नाही, ते थंड राहिले. म्हणजे चार-सहा महिन्यांचा, पिल्लू असताना मांडीवर येऊन बसणारा कोंबडा एकदम उलटतो, तेव्हा तो कृतघ्न झालेला नसतो. तुमच्याकडून हे ऐकलं तेव्हा माझा राग निम्मा गेला होता.

लेकीच्या बाबतीत मात्र तुम्ही जराही सवलत ठेवली नाहीत. ‘पोर आणि कोंबडा एका कुंपणात नाही. तो सुधारला तरी नाही.’ मोठ्यांच्या पोटरीला लागतं तिथे लहान मुलाचा चेहरा असतो, डोळे असतात. हा नियम आम्ही आजही मोडत नाही. ती कुंपणाबाहेरून दाणे टाकते, आणि त्यातच तिला मजा वाटते. काही कोंबडे कशानेच बदलत नाहीत, तसं झालं तर माणसांची सुरक्षितता आधी बघायची, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटा भरवसा दिला नाहीत, म्हणून तुमच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला.

तो आजही माझ्याकडे बघून कधीकधी पंख खाली सोडतो. मी थांबते, तो विचार बदलतो. दाणा सापडला की स्वतः न खाता चोचीत धरून खाली टाकतो, पुन्हा उचलतो, टुक-टुक करून कोंबड्यांना बोलावतो. परवा घार घिरट्या घालत होती. त्याने एकच बारीक, लांब किंकाळी दिली आणि सगळ्या कोंबड्या क्षणात झुडपाखाली दबून बसल्या. कुत्रं कुंपणाशी आलं तर त्याचा आवाज वेगळा असतो, तुटक, कटकट केल्यासारखा. तेव्हा त्या दबत नाहीत, माना उंच करून बघतात. घरात बसून आवाजावरून मलाही आता कळतं, वर बघायचं की खाली. हा राखणदार आम्ही घालवून बसलो असतो, मावशी. तुमच्यामुळे तो राहिला.

आता एक मागणं. स्वभाव पिल्लांत उतरतो, म्हणून याची पिल्लं वाढवू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत, आणि मी अंडी एकदाही उबवायला ठेवलेली नाहीत. पण काळी कोंबडी खुडूक बसलीये, उठायलाच तयार नाही. तुमच्या त्या शांत, पांढऱ्या कोंबड्याच्या कोंबड्यांची ताजी अंडी मिळतील का? निरोप दिलात तर संध्याकाळी, कोंबड्या डालून झाल्या की लगेच येते. सासूबाईही यायचं म्हणतायत.

तुमची,
शेजारीण