पणजीच्या गोधडीचा कोट

बार्शी

चि. प्रसाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईच्या पणजीच्या क्विल्टचा, म्हणजे तिकडच्या गोधडीचा, कोट शिवून द्याल का, असं तू फोनवर विचारलंस. तिकडे अमेरिकेत तशा कोटांची सध्या चलती आहे, शेकडो डॉलरला विकले जातात, आणि घरात शिंपी सासरा असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे, हे तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण फोनवर धड बोलणं होत नाही, तुझी आई मध्येच भाजीचे भाव सांगायला लागते, म्हणून लिहितोय. तो कोट मी शिवणार नाही. का ते सांगतो. मग दुसरा कोणी गाठायचा तर गाठा.

मी तुमच्याकडे नेब्रास्कातल्या लिंकनला होतो तेव्हा तुम्ही दोघं कामाला गेलात की ती गोधडी पलंगावर पसरून बघत बसायचो. उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी तुकडा विरलाय, तिथून आत डोकावता येतं. शिलाई बाहेरून कोणालाही दाखवता येते, शिंप्याची परीक्षा आतून होते. आत मार्जिन, म्हणजे शिलाईपलीकडे सोडलेलं कापड, सगळीकडे पाव इंच. कुठे वाढलेलं नाही, कुठे सुटलेलं नाही. जोड सगळा हातशिलाईचा, बारीक धावदोरा, आणि चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका, म्हणजे दोरा तुटला तरी पुढचं उसवू नये. मधल्या कापसात सरकीचे काळे कण तसेच राहिलेत. या बाईला कोणी शिकवलं असेल कोण जाणे, पण माझ्याकडे कामाला आली असती तर पहिल्याच दिवशी कटिंगच्या टेबलावर उभी केली असती.

लांबून बघणाऱ्याला एकमेकांत अडकलेल्या अंगठ्या दिसतात, म्हणून तिकडे या नमुन्याला ‘डबल वेडिंग रिंग’, म्हणजे लग्नाच्या जोड-अंगठ्या, म्हणतात. पण अख्खी अंगठी त्यात कोणी शिवत नाही. शिवतात ती पाकळी. मध्ये दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला पांढरा तुकडा, त्याच्या दोन्ही अंगांना पाचरीसारख्या चिंध्यांची एकेक कमान आणि दोन टोकांना एकेक चौकोन. अशा चार पाकळ्या एका मधल्या पांढऱ्या तुकड्याभोवती बसल्या की गोल कडं दिसायला लागतं. एका कड्याची पाकळी शेजारच्या कड्याचीही असते, म्हणून ती एकमेकांत गुंतलेली वाटतात.

तुमची गोधडी रुंदीला ५ आणि लांबीला ६ कड्यांची आहे. म्हणजे पाकळ्या झाल्या ७१. एका पाकळीत १२ पाचरी, २ चौकोन आणि १ मधला तुकडा, असे १५. सगळे मिळून १,०६५, वर कड्यांच्या पोटातले ३० पांढरे. एकूण १,०९५ तुकडे. पण खरी मेख तुकड्यांच्या संख्येत नाही, गोलाईत आहे. आपल्या गोधडीत पट्ट्या आणि चौकोन असतात, शिलाई सरळ धावते, थोडं इकडेतिकडे झालं तर पुढच्या ओळीत सांभाळून घेता येतं. इथे प्रत्येक ठिकाणी फुगीर कड खोलगट कडेत बसवायची, जशी बाही मुंढ्यात बसवतात तशी. नवा कारागीर सगळ्यात जास्त कुठे रडतो ते तू दुकानात लहानपणी पाहिलंयस. बाही चढवताना. एकीकडे कापड उरतं, दुसरीकडे कमी पडतं, आणि मध्येच चुणी येते. या एका गोधडीत असे गोल जोड २६२ आहेत, म्हणजे १३१ शर्टांच्या बाह्या. त्यात पाचर कशीही कापली तरी तिची एखादी कड तिरप्या धाग्यावर जाते आणि हातात धरली की ताणते. कमानीत सहा पाचरी, त्यांच्यात पाच शिलाया. प्रत्येकीत दोऱ्याएवढा फरक पडला तरी शेवटी कमान तोकडी नाहीतर लांब होते, आणि ते पाप पुढच्या कड्यात, तिथून त्याच्या पुढच्या कड्यात जातं. सूनबाईला म्हणावं, गोधडीच्या मधोमध चार चौकोन जिथे एकत्र येतात, दोन गुलाबी आणि दोन हिरवे, तिथे बोट ठेवून बघ. चारही टोकं एका बिंदूत भेटतात. एवढ्यासाठी मी त्या बाईला नमस्कार करीन.

आता कोटाचं. मापाचा पुढा आणि पाठ बेतायची तर कातर अंगठ्यांच्या मधून जाणार. जिथे कापेन तिथे वरचं कापड, कापूस आणि अस्तर अशा तीन थरांतला हाताचा धावदोरा तुटणार, आणि त्याची गाठ तिथून कुठेतरी वीतभर लांब, म्हणजे तो मागेमागे उसवत जाणार. ते मशीन मारून थांबवता येईल एक वेळ. पण कोटाचा सगळा ताण खांद्यावर आणि मुंढ्यात येतो. नव्वद वर्षांचं सुती कापड तिथे किती टिकेल? पहिल्या हिवाळ्यात काखेत फाटेल. शिंपी म्हणून मी असलं काम गिऱ्हाइकालाही करून दिलं नसतं. सूनबाईला कोट हवा असेल तर नवं कापड घ्या, हवं तर याच नमुन्याचं, मी आनंदाने शिवतो.

तू म्हणालास की हा नमुना फार पुराणा, बैलगाड्यांतून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांच्या काळातला. तसं तिकडे सगळेच सांगतात, कोणी तर थेट रोमन काळापर्यंत नेऊन भिडवतो. पण या नावाने हा नमुना छापून आला तो १९२८ साली, कॅन्सासमधल्या टोपेका शहरातून निघणाऱ्या ‘कॅपर्स वीकली’ या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात. ‘कॅन्सास सिटी स्टार’ या वर्तमानपत्रानेही त्याच वर्षी गोधड्यांचे नमुने छापायला सुरुवात केली आणि १९६१ पर्यंत ते चालू ठेवलं. कापसाच्या गुंडाळीवरच्या कागदावरसुद्धा नमुने यायचे, आणि ज्यांना कापायचा कंटाळा त्यांच्यासाठी कापलेल्या तुकड्यांची पाकिटं टपालाने मिळायची. म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकात विणकामाचे नमुने येतात तसाच प्रकार. मला त्यात कमीपणा काही वाटत नाही. छापील नमुना शेजारणीकडून मागून आणून, वहीत उतरवून घेऊन, घरातल्या कापडात बसवणाऱ्या बायका पुराणातल्या बायकांपेक्षा मला जवळच्या वाटतात.

नमुना छापला आणि वर्षभरात तिकडचा शेअर बाजार कोसळला. पुढची दहा वर्षं मंदी, वर कॅन्सास-नेब्रास्काकडे दुष्काळ आणि धुळीची वादळं. पैसा नव्हता, पण चिंध्या होत्या, आणि या नमुन्याला बोटाएवढी चिंधीही पुरते. शिवाय पोती होती. पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका त्यांचे कपडे शिवतात हे कळल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलं, चौकडे, ठिपके छापायला घेतले, आणि कंपनीचं नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत. शंभर पौंडांच्या पोत्यातून वारभराहून जास्त कापड निघायचं. पोत्याची शिवण साखळी टाक्याची, योग्य टोक धरून ओढलं की सर्रकन उसवते. तो दोराही टाकून देत नसत.

तुमच्या गोधडीत ते कापड आहे. उजवीकडून दुसऱ्या कड्यात निळ्या फुलांची जी पाचर आहे, ती उजेडासमोर धर. एका कडेने बारीक भोकांची सरळ रांग दिसेल. आमच्या सुईची भोकं धुतल्यावर बुजतात, ही तशी नाहीत, जाड दोऱ्याची आहेत. ती पोत्याची जुनी शिवण. त्या कापडात आधी कोंबड्यांचं खाद्य होतं की पीठ, ते मात्र कापड सांगत नाही.

आणखी एक गंमत. खालच्या कोपऱ्यात एक चौकोन गुलाबीऐवजी पिवळा आहे. लिंकनच्या त्या गोधड्यांच्या म्युझियमच्या दुकानात मला एका बाईंनी सांगितलं होतं की अशी चूक मुद्दाम ठेवतात, कारण निर्दोष फक्त देव. गोष्ट छान आहे. माझा विश्वास नाही. ज्याने २६२ गोलाया बसवल्या त्याला चूक मुद्दाम करावी लागत नाही, ती आपली आपण होते. मला विचारशील तर गुलाबी कापड संपलं. दुकानात अस्तर संपलं की मीही खिशाच्या आत काय लावायचो ते तुझ्या आईला विचार.

म्युझियमवरून आठवलं. तुम्ही मला घेऊन गेलात ते चांगलं केलंत. १९९७ साली जेम्स नावाच्या नवरा-बायकोने आपल्या जवळजवळ ९५० गोधड्या तिथल्या नेब्रास्का विद्यापीठाला दिल्या आणि त्यातून एवढी संस्था उभी राहिली. गोधड्यांसाठी अशी इमारत! आपल्याकडे पाहुणे आले की गोधडी आधी पलंगाखाली जाते. पण तिथे हिंडताना एक गोष्ट मला टोचत राहिली. पाटीमागून पाटी, आणि शिवणाऱ्याच्या जागी लिहिलंय ‘नाव माहीत नाही’. कापड कुठलं, साल अंदाजे कोणतं, ते सगळं आहे, बाईचं नाव तेवढं नाही.

सूनबाईने मग ती शिकागोची हकीकत सांगितली, ती मी इथे दुकानात दहा जणांना तरी ऐकवली. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स कंपनीने गोधड्यांची स्पर्धा ठेवली. भर मंदीत पहिलं बक्षीस १,००० डॉलर. सुमारे २४,००० गोधड्या आल्या. बक्षीस मिळालं केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या मार्गारेट केडन नावाच्या बाईला, गोधडी चांदणीच्या नमुन्याची. आणि त्या बाईने तिच्यात एक टाकाही घातला नव्हता! तिचं दुकान होतं, काम दुसऱ्या बायकांकडून मजुरीवर करून घेतलेलं. बक्षिसातला एक पैसा त्यांना मिळाला नाही आणि त्या बोलल्याही नाहीत, कारण पुढचं काम त्याच दुकानातून यायचं होतं. गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली, नंतर तिचा पत्ता नाही. ऐकून आमचा गणपत मास्तर एवढंच म्हणाला, “सगळीकडे सारखंच की.” मी स्वतः जवळजवळ अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या लेबलाखाली शिवलंय. कॉलरच्या आत ज्याचं नाव, शर्ट त्याचा. रोजी मिळत होती, तक्रार नाही, पण ती हकीकत ऐकून रात्री झोप लागली नाही एवढं खरं.

हा नमुना अजून जिवंत आहे बरं का. २०१३ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या क्विल्टकॉनमध्ये, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या मेळाव्यात, व्हिक्टोरिया फिंडले वुल्फ या बाईंच्या गोधडीला सर्वोत्कृष्टचा मान मिळाला, ती याच अंगठ्यांवर बेतलेली. सूनबाईला शिकायचं असेल तर शिकू दे, पण पहिली उशी करायची, चार कड्यांची. थेट पलंगाएवढी घेतली तर अर्ध्यात सोडेल.

आता जुनीचं काय करायचं ते. विरलेला तुकडा काढू नका, त्यावर नवं कापडही ठोकू नका. नवं कापड जोरकस, ते शेजारच्या जुन्याला फाडतं. तपकिरी रंगाची बारीक जाळी आणा, झिरझिरीत, ती वरून ठेवून आजूबाजूच्या शिलाईतून हलक्या हाताने टाचा. ते मी आलो की करून देईन. ड्रायक्लीनला देऊ नका, मशिनीत तर अजिबात नको. धुवायचीच वेळ आली तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग टिपून बघा, लाल आणि गडद निळा जास्त, आणि मग टबमध्ये. ओली गोधडी कडेला धरून उचलायची नाही, दोरीवर घालायची नाही, पाण्याच्या वजनाने शिलाया सुटतात. खाली चादर घालून चादरीसकट उचला आणि आडवी वाळवा. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, लाकडाला थेट लागू देऊ नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. काठाची ती नागमोडी क्रॉस पट्टी, तिरप्या धाग्यावर कापलेली, झिजलीय, ती पुढेमागे बदलता येईल. कड झिजायलाच असते.

अंथरायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर पाहुण्यांच्या पलंगावर अंथरली असती, उन्हाच्या खिडकीपासून लांब.

एक काम मात्र या रविवारी करा. सूनबाईच्या आजी ८८ वर्षांच्या आहेत. त्यांना फोन लावून पणजीचं पूर्ण नाव, लग्नाआधीचं आडनावही, गावाचं नाव आणि गोधडी कोणाच्या लग्नासाठी शिवली ते विचारून घ्या. सालाचा अंदाज आला तर उत्तम. सोबत कोण शिवायला बसायचं तेही विचारा, तीन थर ताणून भरायला एकटी बाई बसत नसे, शेजारणी असणार. मग पांढऱ्या सुती कापडाची तळहाताएवढी पट्टी घ्या, न धुणाऱ्या शाईच्या पेनाने सगळं लिहा, सूनबाईचं अक्षर चांगलं आहे, तिनेच लिहावं. चारही कडा आत दुमडून मागच्या अस्तराला टाचा. टाका फक्त अस्तरातून जाऊ दे, वरच्या कापडापर्यंत सुई जाता कामा नये. फोटो पाठव, टाके बघून सांगतो.

आईची तब्येत बरी आहे. तिने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय, कोणी येणारं असेल तर कळव.

तुझा,
बाबा