मालगाडीवरचा कवी

संपादक महोदय,

मी ३० वर्षे मालगाड्यांवर गार्ड होतो. म्हणूनच कॅनडाचा कवी अल पर्डी (१९१८-२०००) मला जवळचा. मंदीच्या काळात शाळा सोडलेला हा पोरगा मालगाड्यांवर चढून व्हँकुव्हरकडे निघाला. पुढे कारखान्यांत राबला, १९५७ मध्ये पत्नीसह रॉब्लिन तलावाकाठी स्वतःच्या हातांनी घर बांधलं. १९६५ मध्ये कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या बॅफिन बेटावर गेला. तिथल्या जमिनीलगत वाढणाऱ्या खुरट्या विलो झाडांना ‘ट्रीज अ‍ॅट द आर्क्टिक सर्कल’ या कवितेत तो आधी भित्री म्हणतो, मग त्यांची चिवट मुळं बघून आपण मूर्खपणा केल्याचं कबूल करतो. ती कबुली वाचून माझे डोळे भरून आले.

आपल्या रविवार पुरवणीत या कवितेचा मराठी अनुवाद जरूर छापावा.

– एक निवृत्त रेल्वे गार्ड