सादरीकरणालाही तालीम लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, गुणवत्ता विभागात मी गेली २३ वर्षे काम करते. ग्राहक कंपन्यांपुढे, ऑडिटला येणाऱ्या मंडळींपुढे आणि आमच्याच व्यवस्थापनापुढे होणारी सादरीकरणे हा या कामाचा नित्याचा भाग आहे. शेकडो मी ऐकली आणि बरीचशी स्वतः केली. मोल्डिंगपासून मशिनिंगपर्यंत कामाची उत्तम जाण असलेली आपल्याकडची माणसे तेच काम चार लोकांपुढे उभे राहून समजावून सांगताना कमी का पडतात, याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगानंतर मात्र ते लिहायचेच असे ठरवले.

एका कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागात, ब्लोहोल (आतल्या पोकळ्या) येऊन रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या नगांचे प्रमाण, वाढले होते आणि त्याचा खुलासा ऐकण्यासाठी ग्राहक कंपनीचे तिघे जण आले होते. आमच्या एका तरुण इंजिनिअरने त्याचे कारण अचूक शोधून काढले होते. या कास्टिंगचे कोअर, म्हणजे भागाची आतली पोकळ जागा घडवण्यासाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून कडक केले जातात. असे कोअर पावसाळी हवेत पडून राहिले की ओल धरतात. त्यांच्याभोवती वितळलेले लोखंड ओतले की त्या ओलीची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकून तेथे पोकळी राहते. कोअर केव्हा बनला आणि साच्यात केव्हा बसला, याची पाळीगणिक नोंद त्याने दोन आठवडे स्वतः उभे राहून ठेवली होती. काम चोख होते.

सादरीकरण मात्र ४२ स्लाइडचे होते. कंपनीची स्थापना, प्रमाणपत्रे, कारखान्याचा नकाशा, विभागांची रचना असे करत करत मूळ विषयाला हात लागेपर्यंत पंधरा मिनिटे गेली होती. तो पडद्याकडे तोंड करून प्रत्येक ओळ वाचत होता आणि पाहुण्यांना त्याची पाठ दिसत होती. मधेच त्यांच्यातील ज्येष्ठ गृहस्थांनी सरळ विचारले, की पोकळी नेमकी कशाने येते? या प्रश्नाचे उत्तर त्याला झोपेतून उठवले असते तरी देता आले असते. तरीही तो म्हणाला, "सर, ते पुढच्या स्लाइडवर येणार आहे." त्या गृहस्थांनी वही मिटली. कारण अद्याप सापडलेले नाही असा समज करून घेऊन ती मंडळी गेली आणि पुढच्या मालाची उचल काही दिवस थांबली. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. खरे तर त्या ४२ स्लाइडमधील अकरा स्लाइड आदल्या रात्री आम्हा वरिष्ठांपैकीच कोणी ना कोणी "हेही असू दे" म्हणून घालायला लावल्या होत्या, आणि त्यांतील दोन माझ्या होत्या.

दुसऱ्या भेटीच्या आधी आम्ही त्याला लॅपटॉप बाजूला ठेवायला लावला. दुपारच्या सुटीनंतर कॅन्टीनमध्ये त्याने आधी माझ्यापुढे, मग मशीन शॉपच्या दोघांपुढे आणि शेवटी कोअर विभागातील एका मावशींपुढे उभे राहून तोच विषय सांगितला. मावशींनी दहा मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी कोअर लई येळ भाईर ऱ्हायला की वल धरतोय आन् त्येच्यानं भोकं पडत्यात, आसंच न्हवं? मग ते आदी सांगा की वो." त्याने ते आधी सांगायचे ठरवले. दुसऱ्या भेटीत त्याने मधोमध कापलेले एक कास्टिंग टेबलावर ठेवले, त्यातील पोकळ्यांवरून पाहुण्यांना बोट फिरवू दिले, आणि शेजारी दोन कोअर ठेवले: एक त्याच सकाळी बनवलेला, दुसरा आदल्या दिवसापासून उघड्यावर राहिलेला. पहिल्याची कड अंगठ्याने दाबून ढळत नव्हती आणि दुसऱ्याची वाळू हातात येत होती. ज्या पाळीत कोअर बनतो त्याच पाळीत तो वापरला तर पोकळ्या येत नाहीत, हे त्याचे पहिले वाक्य होते. स्लाइड पाचच होत्या, त्यांपैकी दोन दाखवायची वेळच आली नाही, आणि उरलेला सगळा वेळ पाहुण्यांच्या प्रश्नांत गेला. माल पुन्हा सुरू झाला.

माणूस तोच, विषय तोच आणि आकडेही तेच होते. मधल्या काळात झाली होती ती तालीम. कोल्हापूरकरांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या आपल्या तालमी, आणि नाटक रंगमंचावर येण्याआधी महिनाभर होतात त्याही तालमीच. खासबागच्या मैदानात उतरणारा मल्ल आदल्या रात्री डावांचे पुस्तक वाचून उतरत नाही. आपल्या कचेऱ्यांत मात्र स्लाइड बनवण्यात तीन दिवस जातात आणि त्या तोंडाने एकदाही म्हणून पाहिल्या जात नाहीत. मनातल्या मनात वाचताना जे वाक्य बिनचूक वाटते ते उच्चारताना अडखळते, कोठे दम लागतो ते कळते, वीस मिनिटांचा विषय पस्तीस मिनिटांना जातो हे कळते. मोठ्याने, उभे राहून, घड्याळ लावून आणि विषय माहीत नसलेल्या निदान एका माणसापुढे केलेली तालीम जे शिकवते ते कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या पोटात दडपली गेल्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आपल्या कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या नासाच्या कोलंबियाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परततानाच नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान अंतराळात असतानाच त्याने किती इजा झाली असेल याचा अंदाज अभियंत्यांनी व्यवस्थापनापुढे स्लाइडवर मांडला होता. त्यातील एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. प्रत्यक्षातील तुकडा सुमारे १,९२० घनइंचांचा आणि ज्यावर चाचण्या झाल्या होत्या तो अवघा ३ घनइंचांचा, म्हणजे चाचणीचा निष्कर्ष येथे लावणेच धोक्याचे, ही बाब त्या स्लाइडच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत होती. चौकशी मंडळाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात माहिती दृश्यरूपात मांडण्याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण घेतले आणि तांत्रिक अहवालांची जागा अशा स्लाइडनी घ्यावी यावर स्पष्ट टीका केली. अपघाताची कारणे अर्थातच अनेक होती. पण ६४० पट फरक सांगणारी ओळ शेवटी जाते आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, हे मी माझ्या विभागातील प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

आकड्यांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात सर्वाधिक घोळ तेथेच होतो. एकोणीस ओळी आणि आठ रकाने असलेला तक्ता पडद्यावर टाकून "येथे आपण पाहू शकता" असे म्हटले जाते, आणि कोणालाही काही दिसत नाही. आकडा कसा सांगावा हे आपण दर पावसाळ्यात अनुभवतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४१ फूट झाली एवढेच कळले तरी शहरातील प्रत्येक जण पुढचे समजतो, कारण ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी घराघरांत पाठ आहे. रिजेक्शनचा आकडाही तसाच सांगायला हवा: आज किती आहे, किती चालते, आणि कितीच्या पुढे ग्राहक माल परत पाठवतो. या दोन खुणा नसतील तर ऐकणाऱ्याला तो आकडा चांगला की वाईट हेच ठरवता येत नाही. तपशीलवार तक्ता वेगळ्या कागदावर छापून हातात द्यावा. ॲमेझॉनसारख्या कंपनीने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड काढूनच टाकल्या आणि सहा पानांचे टिपण बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत आणली. आपण तेथवर गेलो नाही तरी वाचायचे ते कागदावर आणि बोलायचे ते तोंडाने, एवढी वाटणी करता येईल.

स्लाइडवरील अक्षर वाचता येते की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे ती ए-फोर कागदावर छापून जमिनीवर ठेवावी आणि उभ्याने वाचावी. वाचता आली नाही तर खोलीतील शेवटच्या खुर्चीवरूनही वाचता येणार नाही. वीस मिनिटे मिळणार असतील तर बाराच मिनिटांची तयारी करावी. वीज गेली किंवा प्रोजेक्टरची वायर जुळली नाही तरी विषय पुरा करता यावा. प्रश्न आला की त्याचे उत्तर त्याच क्षणी द्यावे आणि ठाऊक नसेल तर "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत पाठवतो" असे सांगून तो खरोखर पाठवावा. अशा उत्तराने विश्वास वाढतो, हा माझा अनुभव आहे.

भाषेचा प्रश्नही येथेच मांडते. त्या पहिल्या भेटीत खोलीतील आठही जण मराठी होते आणि सादरीकरण इंग्रजीत चालले होते. ग्राहकाच्या नियमानुसार स्लाइड इंग्रजीत असाव्यात, याला माझी हरकत नाही. पण सर्वांना मराठी येत असताना बोलणेही इंग्रजीत करायचा आग्रह धरला, की माणसाचे निम्मे लक्ष वाक्य जुळवण्यात जाते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची शंका त्याला दिसत नाही.

या निमित्ताने दोन विनंत्या. आपल्या जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत काही गुण केवळ पडद्याविना दिलेल्या पाच मिनिटांच्या निवेदनासाठी ठेवावेत. आमच्याकडे प्रशिक्षणाला येणारी मुले हुशार असतात, परंतु स्वतःच्याच प्रकल्पाचा निष्कर्ष एका वाक्यात विचारला की ती स्लाइड शोधू लागतात. दुसरी विनंती कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक आणि गोशिमा या आपल्या उद्योजक संघटनांना आहे. तरुण इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्यासाठी महिन्यातून एकदा अशी तालीम भरवावी आणि ऐकायला मुद्दाम दुसऱ्या कारखान्याची, दुसऱ्या विभागाची माणसे बसवावीत. यासाठी बाहेरून महागडे प्रशिक्षक आणण्याची गरज नाही. एक खोली, एक घड्याळ आणि मोकळेपणाने "कळले नाही" म्हणणारी चार माणसे पुरतात. आमच्या कारखान्यात दर महिन्याच्या आढाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही ती सुरू केली आहे, आणि कोअर विभागातील त्या मावशी तिला आवर्जून येऊन बसतात.

कळावे,
आपली विश्वासू,
फाउंड्रीतील एक कर्मचारी,
शिरोली, कोल्हापूर